शेंग न पाहता सोयाबीन मोजणारं यंत्र

संक्रांत सरली की आमच्या औसा तालुक्यातल्या गावात पारावरचा विषय ठरलेला असतो. "आपलं मंडळ बसलं का?" मंडळ म्हणजे गणपतीचं नव्हे, महसूल मंडळ, अनेक गावांचा मिळून एक गट. पीक विम्यात सोयाबीनचा उतारा, म्हणजे हेक्टरी किती पीक निघालं तो आकडा, शेतवार काढत नाहीत, मंडळवार काढतात. अख्ख्या मंडळाला एकच आकडा. तो पुरेसा घसरला तर विमा भरलेल्या सगळ्यांना सारख्या दराने भरपाई. नाही घसरला, तर तुमच्या रानात गुडघाभर पाणी होतं की नव्हतं, याला किंमत नाही.

हा आकडा पूर्वी फक्त माणसं काढायची. आता त्यात उपग्रह आणि संगणकही आले आहेत. मागच्या खेपेला आमचे आप्पा, म्हणजे माझे चुलते, म्हणाले, "वरून त्याला काय दिसतंय रे? शेंगा भरल्या का पोचट गेल्या, ते आम्हाला बांधावरून कळत नाही." मी पुण्यात दिवसभर संगणकापुढेच बसतो, तरी मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उशिराचं उत्तर.

विमा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटलं की लोकांना फोनवर गोड बोलणारा चॅटबॉट आठवतो. तो वरवरचा भाग. विम्याच्या धंद्यात खरा पैसा दोनच प्रश्नांवर हलतो: नुकसान होण्याची शक्यता किती, आणि झालं ते नुकसान किती. म्हणजे अंदाज आणि मोजमाप. एआय शिरलं आहे ते तिथे. आणि मोजमापाचा सगळ्यात अवघड नमुना कुठे पाहायचा असेल, तर तो आपल्या सोयाबीनच्या रानात.

आधी हिशेब समजून घेऊ, कारण यंत्र कितीही हुशार असलं तरी शेवटी याच गणितात एक आकडा भरतं. मंडळाच्या मागच्या सात वर्षांच्या उताऱ्यांतली चांगली पाच वर्षं घेतात, त्यांची सरासरी काढतात आणि तिला जोखीमस्तराने, म्हणजे सरासरीच्या किती टक्क्यांपर्यंत विमा हमी देतो त्या आकड्याने, गुणतात. समजा सरासरी आली हेक्टरी १,४०० किलो आणि जोखीमस्तर आहे ७० टक्के. म्हणजे ९८० किलो. याला म्हणतात उंबरठा उत्पादन. यंदाचा उतारा या उंबरठ्याच्या खाली जितके टक्के, विमा संरक्षित रकमेच्या तितके टक्के भरपाई. यंदा ७३५ किलो आले, तर तूट २४५ किलोंची, म्हणजे बरोबर २५ टक्के. संरक्षित रक्कम हेक्टरी ५६,००० रुपये धरली तर हातात १४,००० रुपये. आणि यंदाचा उतारा ९८५ आला तर? शून्य. पाच किलोंनी मंडळ हुकलं.

शेत सोडून मंडळ मोजायची ही रीत काही कुणा विमा कंपनीची शक्कल नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर यांनी १९७०च्या दशकात ती मांडली. एकेका शेताचं नुकसान तपासायला तेवढी माणसं आणायची कुठून, हा एक मुद्दा. दुसरा जास्त चलाख होता: भरपाई स्वतःच्या शेतावर अवलंबून असली की पीक वाचवायची धडपड कमी होते, ती मंडळावर अवलंबून असली, तर तुम्ही कष्ट केल्याने तुमची भरपाई घटत नाही. १९८५च्या देशव्यापी पीक विमा योजनेपासून २०१६च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेपर्यंत गाभा हाच राहिला.

मंडळाचा उतारा काढायचा मार्ग म्हणजे पीक कापणी प्रयोग. मंडळात असे दहाएक प्रयोग होतात. चिठ्ठ्या टाकल्यासारखे क्रमांक काढून गाव ठरतं, शेत ठरतं, शेतातला कोपराही ठरतो. तिथे १० बाय ५ मीटरचा तुकडा दोरीने आखायचा, त्यातलं पीक कापायचं, ताडपत्रीवर मळायचं, वजन करायचं. ५० चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग, म्हणून वजनाला २०० ने गुणलं की हेक्टरी उतारा. ताडपत्रीवर ३ किलो ६७५ ग्रॅम भरलं, तर ७३५ किलो.

या तुकड्याच्या आकारावरून एकेकाळी मोठा वाद झाला होता, आणि त्यात एक बाजू सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या माणसाची होती. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे. दुसऱ्या बाजूचे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये अगदी लहान, काही फुटांचे तुकडे कापून उतारा काढत. खर्च कमी, तुकडे जास्त. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा लहान असला की उतारा फुगतो. का? तुकड्याच्या कडेवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा लहान तर कड जास्त, कड जास्त तर चूक जास्त. १९४६ साली 'नेचर'मध्ये त्यांचा हा लेख छापून आला. पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. ही गोष्ट इथे मुद्दाम सांगतोय, कारण त्या कडेवरच्या रोपाचा संबंध एआयशी आहे. तो पुढे येईल.

आता आप्पांचा प्रश्न. वरून काय दिसतं?

पीक विम्यात ज्यांची चित्रं फार वापरली जातात, त्यात युरोपचे सेंटिनेल उपग्रह आहेत. सेंटिनेल-२ च्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० बाय १० मीटरचा, म्हणजे एका गुंठ्याइतका. या ठिपक्यात रोपं सुटी दिसत नाहीत. दिसतो तो फक्त उजेड: कुठल्या रंगाचा किती परत आला. हिरवं, तजेलदार पान तांबडा प्रकाश खाऊन टाकतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. समजा तांबडा ५ टक्के परतला आणि अवरक्त ४५ टक्के. दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज: ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. पीक सुकायला लागलं की तांबडा २० आणि अवरक्त ३०. मग १० भागिले ५०, म्हणजे ०.२. या आकड्याला एनडीव्हीआय म्हणतात. जूनच्या पेरणीपासून ऑक्टोबरच्या काढणीपर्यंत दर काही दिवसांनी हा आकडा घेतला की गुंठ्यागणिक एक रेघ तयार होते: उगवण, वाढ, फुलोरा, पिवळेपण. ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे ओढ दिली तर रेघ तिथे खाली बसते.

अडचण ढगांची. खरिपात ऐन गरजेच्या वेळी आभाळ भरलेलं असतं आणि सेंटिनेल-२ ला ढगांपलीकडचं दिसत नाही. त्यासाठी सेंटिनेल-१ आहे. तो रडारच्या लहरी सोडतो आणि त्या ढगांतून आरपार जातात. रडारला रंग कळत नाही, पण पिकाचा दाटपणा आणि ओल कळते. पाणी साचलेलं शेत तर त्याला फार चांगलं ओळखता येतं, कारण सपाट पाण्यावरून रडारची लहर आरशावरून उजेड जावा तशी दुसरीकडे निघून जाते आणि चित्रात काळा डाग पडतो. नदी शेतात शिरली का, याची साक्ष यंत्र कुठल्याही पंचनाम्यापेक्षा लवकर देऊ शकतं. हे त्याचं श्रेय.

एवढ्या रेघा आल्या, त्यांचा उतारा कसा होतो? इथे शिकणारं यंत्र येतं. आपल्याकडे पैसेवारी काढताना आधी 'नजर अंदाज' पैसेवारी जाहीर होते, तो शब्द इथे चपखल बसतो. गावातला जाणता माणूस पीक पाहून म्हणतो, "एकरी चार क्विंटल निघंल." कशावरून? असं पीक त्याने आधी पाहिलेलं असतं आणि त्याचं पुढे काय झालं तेही त्याला आठवत असतं. यंत्रही तेच करतं. त्याला मागच्या वर्षांतल्या हजारो ठिकाणांच्या रेघा देतात. पाऊस, तापमान, जमिनीचा प्रकार देतात. आणि शेजारी उत्तर लिहून देतात: या ठिकाणी प्रत्यक्ष कापलं तेव्हा एवढं भरलं. यंत्र आपला अंदाज त्या उत्तराशी ताडून पाहतं, चुकलं की आपलं गणित थोडं सरकवतं, पुन्हा ताडतं. असं लाखो वेळा. एक ठरावीक पद्धत अशी की शेकडो छोटे-छोटे नियमवृक्ष, म्हणजे 'असं असेल तर तसं' अशा नियमांच्या फांद्या, तयार करायचे, प्रत्येकाला माहितीचा वेगवेगळा तुकडा द्यायचा आणि शेवटी सगळ्यांच्या अंदाजांची सरासरी घ्यायची. पारावरच्या एकाच जाणत्यावर न विसंबता शंभर जणांना विचारल्यासारखं.

केंद्र सरकारने २०२३च्या खरिपापासून भात आणि गव्हासाठी, आणि २०२४च्या खरिपापासून सोयाबीनसाठीही ही पद्धत पीक विम्यात आणली. तिचं नाव यस-टेक. नियम असा की अंतिम उताऱ्यात तंत्रज्ञानाच्या आकड्याला किमान ३० टक्के वजन द्यायचं. वरचंच उदाहरण घ्या. कापणीत ७३५ आला आणि यंत्र म्हणालं ९३१. ७०-३० ने मिसळलं की होतात ७९३.८ किलो. तूट १९ टक्के, भरपाई १०,६४० रुपये. निम्मं-निम्मं मिसळलं तर ८३३. तूट १५ टक्के, भरपाई ८,४०० रुपये. आणि एकट्या यंत्राचं ऐकलं तर तूट ५ टक्के, २,८०० रुपये. रान तेच, पीक तेच. यंत्राच्या शब्दाला किती वजन द्यायचं हा माणसांनी घेतलेला निर्णय आहे, आणि पैसे त्यावर हलतात. "कम्प्युटरने काढलंय" असं कुणी म्हणालं की मला पहिल्यांदा हेच विचारावंसं वाटतं: किती टक्के?

यंत्र ९३१ का म्हणेल? कारण त्याला पान दिसतं, शेंग दिसत नाही. सप्टेंबरच्या शेवटी पीक हिरवंगार, रेघ उत्तम, आणि शेंगांत दाणा ज्वारीएवढा, असं सोयाबीनमध्ये होतं. दुसरंही एक होतं: पीक छान पिकलं, कापून गंजी घातली, वर चार दिवस पाऊस पडला आणि शेंगांतच कोंब फुटले. उपग्रहाच्या रेघेत ते पीक केव्हाच यशस्वी संपलेलं असतं. आमच्याकडे सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीची एक ओळ असते. सोयाबीन पिवळं पडतं तेव्हा तूर हिरवी असते, आणि गुंठ्याच्या ठिपक्यात दोन्ही कालवलेली. बांधावरची बाभूळ आणि मोकाट माजलेलं गाजरगवतसुद्धा त्या ठिपक्यात हिरवंच मोजलं जातं. म्हणून चांगली यंत्रं नुसती हिरवळ मोजत नाहीत. पाऊस कोणत्या आठवड्यात हुकला, शेंगा भरताना तापमान किती होतं, हेही जोडून पाहतात. पण मुळात नजर वरचीच.

हेच मी शहरात माझ्या गाडीच्या बाबतीत पाहिलं. रिव्हर्स घेताना मागचा बंपर खांबाला लागला. विमा कंपनीच्या ॲपवर चार बाजूंनी फोटो काढले, दहा मिनिटांत अंदाज आला: बंपरला रंग, रक्कम अमुक. लाखो ठोकरलेल्या गाड्यांचे फोटो आणि त्यांची बिलं पाहून हे यंत्र शिकलेलं असतं, आणि ओरखडा आणि पोचा यातला फरक त्याला खरंच छान कळतो. गॅरेजात बंपर उतरवला तेव्हा आतला ब्रॅकेट तुटलेला निघाला. फोटोत तो नव्हताच. मेकॅनिकने पुन्हा फोटो पाठवले, फोनाफोनी झाली आणि रक्कम वाढून मिळाली. म्हणजे यंत्र चुकलं आणि दुरुस्त झालं, कारण बंपर उघडून पाहणारा माणूस होता. मोटारीचं नुकसान ५०,००० रुपयांच्या पुढे गेलं की परवानाधारक सर्व्हेयर लागतो, अशी नियमातच तजवीज आहे.

आरोग्य विम्यातही असंच एक कुंपण आहे. मे २०२४ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने सांगितलं की कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्या आणि डिस्चार्जच्या वेळचा अंतिम होकार तीन तासांत द्या. एवढ्या वेगाने कागद वाचायचे तर यंत्र लागणारच. पण त्याच परिपत्रकात असंही आहे की दावा फेटाळायचा असेल तर कंपनीच्या पुनरावलोकन समितीची मंजुरी हवी. होकार यंत्राने दिला तरी चालेल, नकाराला माणूस पाहिजे. मला ही विभागणी शहाणपणाची वाटते. युरोपीय संघाच्या २०२४च्या एआय कायद्यातही आयुर्विमा आणि आरोग्य विम्यात माणसाची जोखीम आणि हप्ता ठरवणाऱ्या यंत्रणा 'उच्च जोखमी'च्या यादीत आहेत. पीक विमा त्या यादीत नाही.

आणि आपल्याकडे नेमका तिथेच भार वाढला आहे. २०२३च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा होता. त्यात बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला, दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनींवरही विमे उतरले. (ते पकडायला एआयची काही गरज नव्हती. अर्जाची यादी आणि ई-पीक पाहणीची, म्हणजे शेतात कुठलं पीक आहे त्याच्या मोबाइलवरून केलेल्या सरकारी नोंदीची, यादी शेजारी ठेवली की निम्मी चोरी दिसते. पण "याद्या जुळवल्या" म्हणण्यापेक्षा "एआयने पकडलं" म्हटलं की बातमी होते.) २०२५च्या खरिपापासून ती योजना बंद झाली. शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्के, नगदी पिकांना ५ टक्के झाला. त्याच वेळी राज्याने स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान या भरपाईच्या वेगळ्या वाटा काढून टाकल्या. उरला तो एकच आकडा, मंडळाचा उतारा. आणि त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या पात्र सोडून शेतांत शिरल्या.

सगळी भिस्त एका आकड्यावर आली की तो आकडा कोण देतो, हा प्रश्न जिवाचा होतो. कापणी प्रयोगांबद्दलच्या तक्रारी जुन्या आहेत. प्रयोग रानात न होता कागदावर होतो, चांगलं शेत टाळून पडकं निवडतात, कंपनीचा माणूस आला की काटा वर आणि गावचे असले की खाली. म्हणून बरेच जण म्हणतात, माणूस काढून टाका, उपग्रहच बरा. त्याला ना जात, ना पक्ष, ना ओळखपाळख.

घोळ इथेच आहे. उपग्रह बरा, पण उपग्रहाला उतारा माहीत नाही. त्याला फक्त रेघ माहीत आहे. अमुक रेघ म्हणजे अमुक किलो, हे त्याला शिकवतो कोण? तोच कापणी प्रयोग. तीच दोरी, तीच ताडपत्री, तोच काटा. मागच्या पाच वर्षांत एखाद्या भागात कागदावरच प्रयोग झाले असतील, तर यंत्र त्या कागदांवर शिकलेलं आहे, आणि तेच आता दशांश चिन्हासकट, मोठ्या आत्मविश्वासाने परत सांगणार. सुखात्म्यांचं कडेवरचं रोप आठवा. एका कापणाऱ्याचा हात एका शेतात आत ओढतो तेव्हा चूक पन्नास चौरस मीटरची असते. तशा हजार नोंदींवर यंत्र शिकलं की ती ओढ त्याच्या गणितात मुरते आणि मग ज्या शेतात कुणी पाऊलही ठेवलं नाही तिथेही लागू होते. वर पुन्हा ती दिसत नाही. कागदावरची खाडाखोड तरी दिसते.

म्हणून यंत्र आलं की प्रयोग कमी करता येतील, हा हिशेब मला उलटा वाटतो. प्रयोग कमी झालेच, तर जे होतील ते आधीपेक्षा चोख हवेत, आणि यंत्राचं दर वर्षीचं उत्तर त्याच वर्षीच्या कापणीशी ताडून उघड करायला हवं: या मंडळात यंत्र इतक्या किलोंनी चुकलं. काही चांगल्या गोष्टी सुरू आहेत. प्रयोगाच्या जागेचा फोटो अक्षांश-रेखांशासह मोबाइलवरून चढवावा लागतो, त्यामुळे घरी बसून प्रयोग करणं अवघड झालं. कुठली शेतं कापायची, हे ठरवताना उपग्रहाच्या रेघांची मदत घेऊन चांगली, मध्यम आणि खराब अशी सगळी रानं त्यात येतील असं पाहता येतं. यंत्राचा मला सगळ्यात पटलेला उपयोग हाच: माणसाऐवजी मोजायचं नाही, माणसाने कुठे मोजायचं ते सांगायचं.

आप्पांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी त्यातून एकच गोष्ट घेतली: प्रयोगाला जाऊन बसायचं. प्रयोग गावच्या समितीसमोर व्हायचा असतो आणि तिथे उभं राहून पाहायला कुणी अडवत नाही. यंदा शेजारच्या रानात प्रयोग होता. चार खुंट्या, दोरी, चिखलात रुतलेले पाय, ताडपत्रीवर काठीने झोडपलेलं सोयाबीन. वजन करायच्या आधी आप्पांनी रिकामा ताणकाटा हातात धरून पाहिला. काटा शून्यावर नव्हता, १२५ ग्रॅम दाखवत होता. दोनशेने गुणलं तर हेक्टरी २५ किलो. दहा प्रयोगांच्या सरासरीत त्याचे अडीच किलो उरतात, पण त्याच काट्यावर मंडळातले बाकीचे प्रयोगही होणार होते; आणि यंत्राच्या शिकवणीत त्या गुंठ्यापुढे ते २५ किलो पूर्णच लिहिले गेले असते. त्यांनी हा हिशेब बांधावरच मातीत काडीने मांडून दाखवला. मग गावातल्या किराणा दुकानातून दुसरा काटा आणला, आणि सोयाबीन पुन्हा तोललं.